मुलाला वगळून जाणारे निरोप

रात्री साडेआठच्या सुमारास पेठेतील दुकानांची शटरे खाली ओढली जातात, गल्ल्याचा हिशेब जुळवला जातो आणि त्याच वेळी त्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर एक दुसरा हिशेब सुरू झालेला असतो. सहावी-सातवीच्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येऊ लागतात. उद्या इतिहासाची वही न्यायची आहे का? विज्ञानाचा प्रकल्प कागदावर करायचा की पुठ्ठ्यावर? हिंदीच्या बाईंनी कोणत्या धड्याचे प्रश्न दिले आहेत? एक आई दुसरीकडे वहीच्या पानांचे फोटो मागते, तिसरी ते पाठवते, चौथी हात जोडल्याचे चिन्ह टाकून आभार मानते. ज्या मुलाच्या वहीसाठी ही सारी धावपळ चाललेली असते, तो बहुधा त्याच खोलीत बसलेला असतो. त्याला कुणी विचारलेले नसते, आणि विचारलेच, तर तो शांतपणे म्हणतो, “ग्रुपवर येईल ना, मम्मी.”

या उत्तरात उद्धटपणा नाही. उलट चांगलेच व्यवहारज्ञान आहे. वर्गात दिलेली सूचना ऐकली नाही तरी चालते, कारण ती दुसऱ्या वाटेने घरी पोहोचणारच आहे, हे मुलाने अचूक ओळखलेले असते. जे काम दुसरा कुणी न चुकता करतो, ते स्वतः करण्याची तसदी शहाणा माणूस घेत नाही. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले मूल तर मुळीच घेत नाही.

पालकांची काळजी मात्र निराधार म्हणता येणार नाही. प्राथमिक वर्गांत बहुधा एकच शिक्षिका दिवसभर मुलांसोबत असते. कोण डबा परत आणतो, कुणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोण परवापासून गप्प गप्प आहे, हे तिला ठाऊक असते. फाटकाशी उभ्या उभ्या दोन मिनिटे बोलले तरी घरच्यांना मुलाचा सारा दिवस कळतो. पुढे, पाचवी-सहावीत, ही व्यवस्था मोडते. सहा-सात विषयांना सहा-सात शिक्षक येतात, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका संपली की पुढच्या तुकडीकडे जातात. गणिताच्या सरांना मुलाचे गणित माहीत असते, मराठीच्या बाईंना मराठी. संपूर्ण मूल कुणाच्याच नजरेत राहत नाही. नेमक्या याच वयात मूल घरीही कमी बोलू लागते. “आज शाळेत काय झाले?” या प्रश्नाला “काही नाही” हे उत्तर मिळू लागते. एकीकडे शाळेकडून येणारी माहिती तुटते, दुसरीकडे मुलाकडून येणारी आटते, आणि मधल्या पोकळीत मोबाइल येऊन बसतो. अकरा ते चौदा या वयातील मुलांच्या पालकांना जी अस्वस्थता जाणवते, तिचे मूळ बरेचसे या रचनेत आहे. पालकांच्या स्वभावात ते शोधणे अन्यायाचे होईल.

शिवाय माहिती मिळणे हा पालकांचा हक्कच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील चोविसाव्या कलमाने शिक्षकांवर स्पष्ट कर्तव्य सोपवले आहे: पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती यांची माहिती त्यांना द्यावी. कायद्याने सांगितलेल्या या गोष्टी लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. उद्या कोणती वही न्यायची, हे त्यांत नाही.

प्रश्न माहितीच्या प्रमाणाचा नाही, तिच्या वाटेचा आहे. शाळेकडून निघालेला निरोप मुलाच्या हातून घरी येतो की मुलाला वगळून येतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

समजा, सातवीतील एका मुलाला गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी सात गुण पडले. पूर्वी पेपर हातात पडल्यापासून तो आईसमोर ठेवेपर्यंतचे काही तास त्याचे स्वतःचे असत. त्या तासांत तो घाबरे, सबबी जुळवी, एखाद्या मित्राशी बोले, आणि शेवटी घरात पाऊल टाकताना काय सांगायचे ते ठरवी. कधी खोटेही बोले, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. परंतु सांगण्याचा निर्णय त्याचा असे. आता शाळेच्या अ‍ॅपवर दुपारी दोन वाजता गुण चढतात. अडीचपर्यंत आईने दुकानात फोन केलेला असतो. तीनपर्यंत वडिलांनी ट्यूशनच्या सरांना विचारलेले असते. चारपर्यंत मामांच्या ओळखीतील दुसऱ्या सरांचे नाव निघालेले असते. साडेपाचला मूल बसमधून उतरते, जिन्यावर दोन वेळा वाक्य घोकते आणि दार उघडताच त्याच्या लक्षात येते की सांगण्यासारखे आता काही उरलेलेच नाही. बातमी जुनी झाली, तिच्यावरचा निर्णयही झाला. त्याने फक्त ऐकायचे आहे.

यात मुलाने काय गमावले, हे व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागू नये. पेढीवर ज्याची देणी थकली आहेत असे दोन देणेकरी असतात. एकजण हप्त्याच्या तारखेआधी दोन दिवस स्वतः फोन करतो: “शेठ, या खेपेला आठ दिवस पुढे जाईल.” दुसरा फोनच उचलत नाही, बँकेतून धनादेश परत आल्यावर कळते. रक्कम दोघांचीही तेवढीच थकलेली असते, पण पहिल्याची पत टिकते आणि दुसऱ्याची जाते. पत पैशातून तयार होते त्यापेक्षा अधिक वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने, वेळेवर सांगण्यातून तयार होते. वीसपैकी सात गुण हा मुलाच्या आयुष्यातील असाच पहिला थकलेला हप्ता आहे. तो आईवडिलांसमोर स्वतः मांडण्याची संधी अ‍ॅपने हिरावली, तर पत कमावण्याचे ठिकाणच बंद होते. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांच्या शब्दावर माल उचलला जातो, त्या घरात तरी ही हानी किरकोळ समजली जाऊ नये.

यावर उपाय फार अवघड नाही. गुण दुपारी दिसले तरी संध्याकाळपर्यंत ते दिसलेच नाहीत असे वागता येते. मुलाने दार उघडले की त्याला पाणी द्यावे, खायला द्यावे, आणि वाट पाहावी. तो बोलला तर ऐकावे. झोपण्याच्या वेळेपर्यंत बोलला नाही तर मग विचारावे, तेही “सात कसे पडले?” असे नव्हे, तर “आज पेपर मिळाले का?” असे. पहिल्या दोन-तीन वेळा कदाचित तो टाळाटाळ करील. सांगितल्यावर आकाश कोसळत नाही हे कळले की बहुतेक मुले सांगू लागतात. मात्र सांगितल्यानंतर जर त्याच दिवशी खेळणे बंद, नवी ट्यूशन सुरू आणि आजोबांसमोर उभे करणे असा कार्यक्रम होणार असेल, तर मुलाने न सांगणे हाच शहाणपणा ठरेल.

दुसरा एक प्रकार व्यापारी घरांचा खास आहे. मुलगा कंपासपेटी विसरला, चित्रकलेची वही विसरला, पी.टी.चे बूट विसरला. शाळेतून फोन येतो, किंवा आईच्याच लक्षात येते. दुकानात निरोप जातो आणि दुकानातील माणूस स्कूटरवरून वही घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर होतो. नोकरदाराच्या घरात हे सहसा शक्य नसते. आई-वडील दोघेही कामावर, सोडून येणार कोण? व्यापाऱ्याच्या घरात माणूस असतो, गाडी असते, शाळा दीड किलोमीटरवर असते. ही सोय प्रेमापोटीच वापरली जाते. परंतु तिचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. विसरलेल्या वहीची किंमत सहावीत फार तर एक बोलणी, एक तास बाकावर उभे राहणे किंवा मित्राची वही मागून घेणे एवढी असते. याहून स्वस्तात हा धडा पुढे कधीही मिळत नाही. दहावीनंतर पुणे, लातूर, कोटा अशा ठिकाणी वसतिगृहात गेलेल्या मुलाने प्रवेशपत्र विसरले, तर तेथे दुकानातला माणूस पोहोचत नाही. आणि वडिलांच्या गादीवर बसल्यावर कराच्या विवरणपत्राची तारीख विसरली, तर त्याचे व्याज आणि दंड दोन्ही भरावे लागतात.

डबा विसरला तर? तो पाठवावा. उपाशी ठेवून शिकवण्याची ही गोष्ट नाही. चष्मा, औषध, पावसाळ्यातील छत्री यांचेही तसेच. बाकी गोष्टींसाठी महिन्यातून एखाद्या वेळी माणूस पाठवला तर बिघडत नाही. आठवड्यातून तीन वेळा तो फाटकाशी दिसू लागला, की तो माणूस कुणाचा नोकर आहे हा प्रश्न मुलाच्या मनात चुकीच्या रीतीने सुटलेला असतो.

येथे घरातील एका व्यक्तीचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. वर्गाच्या ग्रुपवर नावे पाहिली तर बहुतांश आयांची दिसतात. वडील सकाळी साडेनऊला खाली उतरतात आणि रात्री साडेनऊला वर येतात; त्यांना शाळेचे शुल्क माहीत असते, तुकडी माहीत नसते. एकत्र कुटुंबात मुलाचे गुण हे पुष्कळदा सुनेच्या गुणपत्रिकेसारखे वाचले जातात. जाऊबाईंच्या मुलाला अठरा आणि तिच्या मुलाला अकरा, हे जेवणाच्या वेळी सासूबाईंनी सहज विचारले तरी ते सहज राहत नाही. अशा स्थितीत “मुलाला थोडे स्वतःवर सोपवा” असा उपदेश आईला करणे सोपे आहे, पाळणे कठीण. मुलाने वही विसरली तर बोलणी त्याला नव्हे, तिला बसणार असतात. ती रात्री दहा वाजता पुठ्ठा कापत बसते, ती मुलाच्या प्रेमाने जितकी, तितकीच या भीतीने. म्हणून मुलाला स्वावलंबी करण्याचा निर्णय एकट्या आईने घेण्याचा नाही. तो घराने घ्यावा लागतो. वडिलांनी तो आजी-आजोबांसमोर एकदा स्पष्ट बोलून दाखवावा लागतो. “यंदा त्याचे दप्तर तो भरणार. चुकला तर त्याला विचारा, तिला नको.” एवढे एक वाक्य वडिलांच्या तोंडून निघाले तर आईच्या हातातील निम्मा मोबाइल खाली ठेवला जाईल.

आजी-आजोबांचा उल्लेख तक्रार म्हणून करण्याचे कारण नाही. ज्या आजोबांनी स्वतः बाराव्या-तेराव्या वर्षी दुकानात माल मोजला, उधारीच्या चिठ्ठ्या वाटल्या, एस.टी.ने एकट्याने तालुक्याला जाऊन वसुली आणली, तेच आजोबा नातवाला रस्ता ओलांडू देत नाहीत, हे दृश्य पाहून कुणालाही गंमत वाटेल. रस्त्यावरची रहदारी वाढली, हे खरे. तरीही नातवाला दुकानातील एक खण नेमून द्यावा, त्यातील मालाची मोजदाद दर रविवारी त्याच्याकडून घ्यावी आणि मोजणी चुकली तर त्यालाच पुन्हा मोजायला लावावी, हे काम आजोबांइतके चांगले कुणीही करू शकणार नाही.

योगायोग असा की या वयासाठी दुकान सुचवणारी एक जगप्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ होऊन गेली. बालवाड्यांमुळे माहीत असलेल्या मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी भारतातच काढली. लहान मुलांविषयीचे त्यांचे विचार सर्वत्र पोहोचले. किशोरांसाठी त्यांनी मांडलेली योजना तेवढी पोहोचली नाही. बारा वर्षांपुढील मुलांनी काही काळ शेतावर राहावे, पिकवावे, पाहुण्यांची व्यवस्था पाहावी आणि आपण पिकवलेला माल विकण्यासाठी दुकान चालवावे, अशी त्यांची कल्पना होती. आपल्या श्रमाला समाजात किंमत आहे, हा अनुभव या वयात पुस्तकापेक्षा जास्त घडवतो, असे त्यांचे मत होते. व्यापारी कुटुंबांकडे ते दुकान आयतेच आहे. त्यात मुलाला बसवतात ते मात्र बहुधा दिवाळीच्या गर्दीत, पिशव्या भरण्यासाठी.

महाराष्ट्रात याच विचाराचे अधिक कणखर रूप उभे राहिले. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. पुढे ‘कमवा आणि शिका’ हे शब्द घरोघरी पोहोचले ते याच परंपरेतून. त्या मुलांच्या घरी शाळेचे पत्र वाचू शकणारे पुष्कळदा कुणीच नसे. मूल सुट्टीत घरी आले की त्याच्या बोलण्यावरून प्रगती कळे. ते कष्ट पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. परंतु आपल्या शिक्षणाची बातमी मूल स्वतः घरी घेऊन येत होते, ही गोष्ट हेवा वाटावा अशीच आहे.

स्वावलंबनाच्या नावाखाली मुलाला एकदम सोडून देणे हीही चूकच. योजना आखणे, पुढचे ओळखून आजचे काम करणे, मोह आवरणे या गोष्टी सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. बारा वर्षांच्या मुलाकडून मुनीमजींची शिस्त अपेक्षिणे व्यर्थ आहे. इमारत बांधताना जशी परांची बांधतात, तसा आधार शिकणाऱ्याला द्यावा आणि तो पेलू लागला की काढून घ्यावा, हा दृष्टांत डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या अभ्यासकांनी १९७६ मध्ये मांडला आणि शिक्षणशास्त्रात तो रूढ झाला. परांची दोन प्रकारे फसते. भिंत ओली असताना काढली तर भिंत ढासळते; आणि रंग देऊन झाल्यावरही काढली नाही तर घरात राहायला जाता येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की सहावीच्या आरंभी, जून महिन्यात, आईने मुलाच्या शेजारी बसून दप्तर भरावे, पण वेळापत्रक त्याला वाचायला लावावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू झाले की तिने खोलीत असावे, दप्तराला हात लावू नये. सातवीत भिंतीवरील दिनदर्शिकेत चाचण्यांच्या आणि प्रकल्पांच्या तारखा मुलाने स्वतःच्या हाताने लिहाव्यात आणि रविवारी संध्याकाळी दहा मिनिटे घरच्यांना सांगाव्यात. या आठवड्यात काय आहे, कशासाठी काय लागेल, कुणाकडून मदत हवी. दहा मिनिटेच. ती बैठक अर्ध्या तासाची चौकशी झाली की मूल पुढच्या रविवारी पोट दुखते म्हणून सांगेल. आठवीत ही बैठकही पंधरवड्यावर जाऊ शकते. सामान आणण्याच्या बाबतीत एक नियम उपयोगी पडतो: रात्री आठनंतर आठवलेला पुठ्ठा त्या दिवशी आणला जाणार नाही. हा नियम मुलाला आधी सांगितलेला असावा, आणि स्टेशनरीचे दुकान स्वतःचेच असेल तरीही पाळावा.

गृहपाठाविषयी एक आकडा पालकांना माहीत असणे चांगले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने सहावी ते आठवीसाठी गृहपाठाची मर्यादा दिवसाला एक तास, म्हणजे आठवड्याला पाच ते सहा तास, अशी सांगितली आहे. मूल रोज तीन तास गृहपाठ करत असेल तर एकतर शाळा जास्त देत आहे, किंवा मुलाला काही समजत नाही, किंवा त्याचे लक्ष नाही. यातले नेमके काय, हे शोधणे पालकांचे काम आहे. तीन तास शेजारी बसून तो पूर्ण करून घेणे हे नव्हे.

काही गोष्टींत मात्र मुलाने सांगण्याची वाट पाहत बसता येत नाही. मूल अचानक शाळा टाळू लागले, डबा तसाच परत येऊ लागला, झोप उडाली, एखाद्या शिक्षकाचे, बसमधील माणसाचे किंवा मोठ्या विद्यार्थ्याचे नाव निघताच गप्प झाले, घरातून पैसे जाऊ लागले, मोबाइल उशीखाली लपू लागला, तर तेथे स्वावलंबनाचा विषय थांबतो. अशा वेळी शाळेत जाऊन समक्ष बोलावे. ग्रुपवर एक अक्षरही लिहू नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. घराण्याचे नाव, शाळेची प्रतिष्ठा या सबबी त्या कायद्याला मान्य नाहीत. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलालाही पाठ असावा. ज्या पालकांनी उद्याच्या वहीची चौकशी सोडून दिली, त्यांच्याकडे या गोष्टी पाहण्यासाठी डोळे मोकळे राहतात.

मुलगे आणि मुली यांच्यात घरे जो फरक करतात, तो या वयात फार ठळक होतो. बारा वर्षांचा मुलगा दुकानातून सुट्टे पैसे घेऊन बँकेत जातो, पण जेवलेले ताट उचलत नाही. बारा वर्षांची मुलगी चार माणसांचा नाश्ता करते, पण रिक्षाने एकटी चित्रकलेच्या वर्गाला जात नाही. तिला बँकेची पावती भरता येत नाही, कारण कुणी भरायला दिलेलीच नसते. दोघांनाही अर्धे स्वावलंबन मिळते, आणि लग्नानंतर दोन अर्धी माणसे एकमेकांना दोष देतात.

शाळांनीही काही करण्यासारखे आहे. दिवसाला वीस सूचना पाठवणारी शाळा पालकांना माहिती देत नाही, त्यांना दमवते. ठरलेल्या वारी आठवड्याचे एकच पत्र यावे: या आठवड्यात काय शिकवले, पुढील चाचणी कधी, कोणत्या खर्चाची वा सहलीची तारीख जवळ आली. रोजचा गृहपाठ मुलाच्या डायरीत असावा आणि तेथेच राहावा. डायरी लिहून घेण्यासाठी शेवटच्या तासिकेतील पाच मिनिटे दिली, तर रात्रीचे निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. हे शाळेला सुचवण्याची जागाही आहे. खासगी शाळांतील शुल्काच्या नियमनासाठी महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेल्या कायद्यात पालक-शिक्षक संघ व त्याची कार्यकारी समिती यांची तरतूद आहे. शुल्क वाढले की या संघाची आठवण सर्वांना होते. शुल्काइतकाच हा विषयही तेथे बोलला जावा.

पालकसभेची सध्याची पद्धत तर पाहण्यासारखी असते. शनिवारी सकाळी व्हरांड्यात रांग, प्रत्येकाला तीन मिनिटे, शिक्षक गुणांच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलतात, आई मान डोलावते. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो घरी क्रिकेट पाहत असतो. देश-विदेशातील काही शाळांनी यात एक साधा बदल केला. मूल सभेला उपस्थित राहते आणि बोलतेही तेच: हे माझे चांगले जमलेले काम, हे फसलेले, पुढच्या सत्रात हे करणार आहे. शिक्षक मागे बसून पुरवणी जोडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकाची दिशा हीच आहे. त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सहाध्यायांनी परस्परांचे केलेले मूल्यमापनही असावे, असे म्हटले आहे. शाळेने अजून सुरू केले नसेल तरी पालकांना मुलाला सोबत नेण्यापासून कुणी अडवत नाही. दुकान एक तास उशिरा उघडून वडीलही सोबत गेले, तर मुलाला त्या सभेचे वजन वेगळे वाटेल.

जैन घरांपुढे एक जादा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. पर्युषण आणि दशलक्षण पर्व शाळेच्या पहिल्या सत्रातच येतात. उत्साहाच्या भरात पाचवी-सहावीतील मुलेही एकासणे किंवा उपवास धरतात. त्या दिवशी मैदानावर पळायला लावणाऱ्या क्रीडाशिक्षकांना ते ठाऊक असलेच पाहिजे. हा निरोप घरच्यांनी लेखी, सहीसह, आदल्या दिवशी पाठवायचा आहे. तो मुलाच्या भिडस्तपणावर सोपवून चालणार नाही, आणि चक्कर आली तर तप अर्धवट सोडण्याची मोकळीक घरातून आधीच मिळालेली असावी.

सहलीचे तसे नाही. कांदा-बटाटा नको, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, हे सांगण्यासाठी दरवर्षी आईच शाळेत फोन करते. सहावीत तिने फोन करावा, मुलाने शेजारी बसून ऐकावा. सातवीत मुलाने वर्गशिक्षकांना स्वतः सांगावे आणि आईने नंतर केवळ खात्री करून घ्यावी. आठवीत सहलीचा अर्ज मुलानेच भरावा. आहाराच्या रकान्यात काय लिहायचे ते त्याने ठरवावे, सोबत न्यायच्या खाकऱ्यांची पाकिटे त्याने मोजावीत, आणि वडिलांनी खाली सही करताना तो रकाना वाचावा. मुक्कामी वाढप्यासमोर ताट धरून उभे राहिल्यावर “यात कांदा आहे का?” हे विचारायचे त्यालाच आहे. मागे उभ्या असलेल्या मित्रांना घाई झालेली असेल, कुणी हसेलही. त्या वेळी आईचा फोन लागत नसेल.